निरंक

सरकारी कचेरीतील ज्या शब्दांवर आमचा लोभ जडला, त्यांत 'निरंक' हा एक. मागविलेल्या माहितीच्या रकान्यात भरण्याजोगे काही नसले, म्हणजे हा तीन अक्षरांचा शब्द लिहून खाली सही करावयाची. परंतु तो लिहिताना हात किती जड होतो, हे बदलीच्या हुकुमामागून मुलूख पालथा घातलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. वरिष्ठांना काही तरी हवे असते. आणि काही तरी दाखविण्याची कला नोकरीत फार लवकर अवगत होते. हाच मोह वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांनाही आवरावा लागतो, हे आम्हांस बेंगळुरूत मानसशास्त्राच्या निमित्ताने कळले.

या प्रांती या शास्त्राचा संसार जुना आहे. म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली मानसशास्त्राचा विभाग निघाला. लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आलेले एम. व्ही. गोपालस्वामी यांनी त्याची घडी बसविली. या गृहस्थांची प्रयोगाची हौस अशी, की १९३५ साली त्यांनी म्हैसुरात राहत्या घरी 'आकाशवाणी' नावाचे नभोवाणी केंद्र सुरू केले. बेंगळुरूत १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. १९७४ पासून ती 'निम्हान्स' म्हणून ओळखली जाते. शहरातील महाविद्यालयांत आज मानसशास्त्र घेणारांची वाण नाही.

पदवीच्या वर्गातील प्रयोगाची जुनी रीत अशी: विद्यार्थ्यांची जोडी करावयाची, एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग व्हावयाचा तो. आरशात पाहून तारा गिरवावयाचा आणि वहीत आकडे भरावयाचे. यात हात बसतो, घड्याळ लावणे समजते. पण उत्तर आधीच पुस्तकात छापलेले असते. आकडा पुस्तकाशी जुळला नाही, की विद्यार्थ्याचे लक्ष खोडरबराकडे जाते.

स्वतःचा प्रश्न स्वतः शोधावयास सांगितले म्हणजे पुस्तकाचा आधार तुटतो. आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबातील मुलीवर गेल्या वर्षी तोच प्रसंग आला. तिने जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाची कसोटी निवडली. योगायोगाने तीही १९३५ सालचीच. 'तांबडा' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो. शब्द बाजूस ठेवून शाईचा रंग सांगावयाचा. वाचता येणारा हटकून अडखळतो, कारण डोळ्यांपुढे आलेला शब्द न वाचणे साक्षराच्या हाती उरलेले नसते. तिचा प्रश्न असा, की बेंगळुरूतील मराठी माणसाला कन्नड लिपीतील 'केंपु', 'हसिरु' हे शब्द किती अडवितात, आणि येथे जितकी वर्षे अधिक तितके अडखळणे अधिक, असे दिसते काय?

प्रश्न सुचणे सोपे. तो घासूनपुसून घेणे कठीण. 'नीलि' आणि 'हळदि' हे कन्नड शब्द मराठी कानाला आधीच ओळखीचे. ते ठेवावेत काय? सर्वांना देवनागरी तक्ता आधी दिला, तर कन्नड तक्त्याच्या वेळी सरावाचा लाभ होईल. म्हणून निम्म्यांना उलट क्रम. कोणाचे आकडे वगळावयाचे, तेही आधीच ठरवावयाचे. हे सारे निर्णय आणि आपली अपेक्षा, पहिला माणूस खुर्चीवर बसण्यापूर्वी लिहून शिक्षिकेच्या स्वाधीन करावयाची, असा नियम होता.

आम्हीही त्या खुर्चीवर बसलो. प्रारंभी तिने एक कागद वाचून दाखविला. नाव कोठेही नोंदले जाणार नव्हते. "आणि काका, मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, कारण सांगायची गरज नाही." आयुष्यभराच्या नोकरीत असे वाक्य आमच्या वाट्यास आले नव्हते! कन्नड तक्ता आम्ही झरझर म्हटला. ही चपळाई म्हणजे आमच्या कन्नड निरक्षरतेचे प्रमाणपत्र होते, हे उमगताच घरात हशा पिकला.

सगळी माणसे झाली, बेरजा झाल्या, आणि वर्षांचा व अडखळण्याचा मेळ काही बसेना. दोन गृहस्थांचे आकडे काढले, तर मात्र रेषा हवी तशी चढत होती. त्यांपैकी एक जण चष्मा घरी विसरले होते; सबब तयारच होती. मुलगी दोन दिवस गप्प होती. गुणांची काळजी होती, शिक्षिकेला काय वाटेल याची धास्ती होती. परंतु आधी दिलेल्या कागदात चष्म्याची अट नव्हती. त्या कागदाने तिचा हात धरला. तिने दोन्ही आकडे ठेवले आणि लिहिले: इतक्या थोड्या माणसांत, या पद्धतीने, अपेक्षित संबंध आढळला नाही. 'संबंध नाही' असे मात्र लिहिले नाही. हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटला.

थोरांनाही तो नेहमी साधत नाही. मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास अनेक संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. त्याचा अहवाल २०१५ साली आला. मूळच्या अभ्यासांपैकी ९७ टक्के संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरले होते. फेरतपासणीत ३६ टक्केच उतरले. याला सर्रास लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु 'आढळले' तेवढे छापावयाचे आणि 'आढळले नाही' ते कपाटात ठेवावयाचे, या रीतीने प्रामाणिक माणूसही स्वतःस फसवितो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या आराखड्यात, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणारास चौथ्या वर्षी संशोधनाची वाट ठेवली आहे. कर्नाटक सरकारने २०२४ साली पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. वर्षे तीन असोत वा चार, हे शिक्षण मोजक्या हुशारांपुरतेच का असावे, हे कोडे आम्हांस उलगडत नाही. सारेच काही संशोधक होणार नाहीत. कोणी बँकेत जाईल, कोणी रुग्णालयात, कोणी आमच्यासारखा फायली सांभाळील. त्याच्याही टेबलावर एक दिवस रिकामा रकाना येईल आणि त्यामागून वरिष्ठांची अपेक्षा येईल. त्या दिवशीचे धैर्य ऐन वेळी उसने मिळत नाही. वर्गात एकदा 'निरंक' लिहून पाहिलेल्यास ते थोडे सोपे जाईल, अशी आमची समजूत आहे.

आम्ही स्वतः कन्नड मुळाक्षरे गिरवावयास घेतली आहेत. पुढील तुकडीतील कोणी तक्ते घेऊन आलेच, तर या खेपेस अडखळण्याची आमची पूर्ण तयारी आहे.