चवींची सोयरीक

लग्ने जुळवणे हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यात दोनदा मी त्या भानगडीत पडलो आणि दोन्ही वेळा वधूपक्ष व वरपक्ष या दोघांनीही माझ्याशी बोलणे टाकले. त्यामुळे गेल्या वर्षी दिवाळी आटोपता आटोपता सूनबाईने माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि "बाबा, या चार जोड्या नीट जमल्या पाहिजेत, तुम्ही मला मदत करा," असे ती म्हणाली, तेव्हा मी आधी चष्मा शोधला आणि मग पळवाट. कागदावर डाव्या रकान्यात खाण्याचे पदार्थ होते आणि उजव्या रकान्यात वाइनची नावे होती. शनिवारी मुलाचे दोन मित्र सपत्नीक जेवायला यायचे होते. सूनबाई नाशिकजवळच्या एका वाइनरीत नोकरी करते. तेव्हा आपल्या घरी आलेल्या पाहुण्यांना आपल्या विद्येचा नमुना दाखवावा असे तिला वाटले, तर त्यात नवल नव्हते. नवल एवढेच की, जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला तिने या कामात मदतनीस नेमले होते.

आमच्या घरात बाटली या वस्तूला कधीच मान नव्हता. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. माझे लहानपण त्या बंदीच्या काळात गेले. आईच्या लेखी 'दारू' हा एकच शब्द होता, आणि हातभट्टीपासून साहेबाच्या टेबलावरल्या पेल्यापर्यंत सगळे त्यात मावत असे. गंमत अशी की, तिच्याच फडताळात द्राक्षासवाची बाटली कायमची असे. अशक्तपणावर दोन चमचे! आसव हे आंबवूनच होते आणि आंबताना त्यात मद्यार्क आपोआप उतरतो, हे तिला सांगण्याची छाती आमच्यापैकी कुणालाही झाली नाही.

नाशिकही तेव्हा निराळे होते. द्राक्षे म्हणजे पेटीतून मुंबईला जायची आणि उरलेली आम्ही खायची. पुढे १९९९ च्या सुमारास गंगापूर धरणाच्या बाजूला 'सुला'ची वाइनरी उभी राहिली; २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षांपासून वाइन करण्याच्या धंद्याला उत्तेजन देणारे धोरण आखले; आणि बघता बघता सोव्हिन्यॉ ब्लां, शेनिन ब्लां, शिराझ असली नावे आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी थॉमसन आणि गणेश यांच्या पंक्तीला येऊन बसली. दिवाळीच्या दिवसांत सूनबाईबरोबर त्या बाजूला गेलो, की ऑक्टोबर छाटणी होऊन नवी पालवी फुटलेल्या वेली दिसतात. त्यांतल्या खायच्या कोणत्या आणि प्यायच्या कोणत्या, हे मला अजून ओळखता येत नाही.

तरीही मी कागद हातात घेतला, याचे श्रेय कौटिल्याला. 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. द्राक्षांच्या रसाच्या मद्याला तिथे 'मधु' म्हटले आहे आणि त्याचे 'कापिशायन' व 'हारहूरक' हे जे प्रकार दिले आहेत, ते ज्या त्या प्रदेशावरून ओळखले जाणारे. फ्रेंच लोक शांपेन, बोर्दो ही गावा-प्रांतांची नावे बाटलीवर छापतात, तीच ही रीत. हे मी सूनबाईला सांगितले तेव्हा तिने मला एकदम गुरुस्थानी बसवले. शिष्य मात्र मीच झालो. तीन संध्याकाळी तिने माझी शिकवणी घेतली.

तिचे म्हणणे असे की, जोडी जमण्याचे दोनच मार्ग. एक तर स्वभाव सारखे असावेत, नाहीतर एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावे. आंबट पदार्थाबरोबर वाइनही आंबटसरच हवी, नाहीतर ती पाणचट लागते. बकरीच्या दुधाच्या चीजला आंबूस चव असते. म्हणून त्याला सोव्हिन्यॉ ब्लां. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात साँसेरच्या टेकड्यांवर ही द्राक्षे पिकतात आणि त्याच टेकड्यांतले शाविन्योल हे गाव बकरीच्या चीजसाठी प्रसिद्ध आहे. दोघेही एका गावचे. पत्रिका पाहायचे कारणच नाही! उलट निळ्या बुरशीचे चीज खारट आणि उग्र. त्याला गोड वाइन हवी. मिठाने गोडी खुलते, गोडीने मीठ सौम्य होते. आपण पेरूला मीठ लावतो किंवा गूळ घातलेल्या कटाच्या आमटीशी पुरणपोळी खातो, त्यातले शास्त्र याहून निराळे नाही.

तांबड्या वाइनचा तुरटपणा म्हणजे टॅनिन. जांभूळ, सुपारी, कडक चहा यांनी जीभ जशी ओढल्यासारखी होते, तशी ती या वाइनने होते. लाळेतल्या प्रथिनांना हे टॅनिन धरून बसते. समोर मटण असले की त्यातली प्रथिने आणि चरबी त्याला गुंतवून ठेवतात आणि वाइन मऊ लागते. माशाबरोबर मात्र ती नको. तांबड्या वाइनमधल्या लोहामुळे तोंडात माशाचा वाईट वास मागे राहतो, असे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. आणि तिखट? तिखटाची आग मद्यार्काने भडकते. तिखट जेवणाबरोबर थंड, किंचित गोड, हलकी पांढरी वाइन घ्यावी. जड तांबडी टाळावी. गोड पक्वान्नाबरोबर पक्वान्नापेक्षा कमी गोड वाइन दिली, तर ती नुसती आंबट लागते. म्हणून श्रीखंडाला तिने कोणतीच जोडी दिली नाही. 'श्रीखंड ब्रह्मचारी राहील,' असे मी कागदावर लिहिले. एक सूचना मात्र माझ्या मनात पक्की बसली. तांबडी वाइन घरातल्या उष्णतेला प्यावी असे पुस्तकात असते, पण ते घर युरोपातले. आपल्याकडे तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच काढावी.

अशा रीतीने मी पंडित झालो. नवशिका पंडित दारुड्याहून धोक्याचा असतो, हे मला शनिवारी कळायचे होते.

पाहुणे आले. पहिली जोडी उत्तम जमली. बकरीचे चीज, सोबत भाजलेले काजू आणि गार सोव्हिन्यॉ ब्लां. मी कौटिल्य सांगितला, पाहुण्यांनी माना डोलावल्या. इतक्यात दारात दादा उभा! थोरला भाऊ. भाऊबिजेला तो कल्याणहून आमच्या बहिणीकडे पंचवटीत आला होता, आणि जाण्याआधी भेटून जावे म्हणून न कळवता आला. आमच्या सीकेपी घरात पापलेट तळले जात असताना आलेल्या माणसाला कुणी परत जाऊ देत नाही. आणखी एक खुर्ची आली, एक ताट आले आणि ओघानेच एक पेलाही आला.

दादाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. तो एके काळी प्यायचा. कधीमधी नव्हे, नोकरी जाईपर्यंत आणि वहिनीच्या पाटल्या जाईपर्यंत. त्याचा मुलगा दहावीला आमच्याकडे राहून शिकला. एका पावसाळी रात्री कल्याण स्टेशनच्या बाकावरून मी त्याला उचलून घरी नेले आहे. २०११ साली त्याने दारू सोडली; स्वतः सोडलेल्या माणसांच्या साप्ताहिक बैठकीला तो जाऊ लागला, आणि अजूनही जातो. तेव्हापासून एक थेंब नाही. आम्हीही तो विषय पुन्हा काढला नाही. काढू नये हेच शहाणपण, असे आम्हाला वाटत होते. पण घरात जी गोष्ट बोलली जात नाही, ती हळूहळू विसरलीही जाते.

दुसऱ्या जोडीची वेळ झाली. हिरवी चटणी भरलेले पापलेट आणि शेनिन ब्लां. बाटली माझ्या हातात होती. मी एकेकाचा पेला भरत गेलो आणि त्याच झोकात दादाच्या पेल्यावर बाटली वाकवली. तो म्हणाला, "मला नको." यावर यजमानाने काय म्हणायचे ते आपल्या हाडीमासी खिळलेले आहे. जिलबीच्या ताटापाशी शिकलेला तो आग्रह माझ्या तोंडून बाहेर पडला : "घे रे थोडी! ही काही दारू नव्हे, वाइन आहे."

दादाने पेल्यावर पालथा हात ठेवला. आवाज मुळीच न चढवता म्हणाला, "अरे, तुझ्यासाठी वाइन असेल. माझ्यासाठी दारूच."

टेबलावर शांतता पसरली. पाहुण्यांच्या बायका पापलेटाचे काटे काढू लागल्या. आईच्या एका शब्दाला मी तासाभरापूर्वीच पाहुण्यांसमोर हसलो होतो. शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असलेल्या त्या बाटलीसाठी तोच शब्द आज बरोबर ठरला होता. माझ्या कानशिलांना आग लागली आणि तिला तिखटाचे निमित्त नव्हते.

सूनबाई उठली. काही न बोलता दादाचा पेला तिने उचलला. दोन मिनिटांनी ती आली तेव्हा तशाच उंच दांड्याच्या पेल्यात कोकमाचे सरबत होते. साखर अगदी थोडी, चिमूटभर जिरेपूड आणि मीठ. "काका, पापलेटाबरोबर हे घेऊन बघा. आंबटाला आंबट." दादाने घोट घेतला, माशाचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला. "जमतंय," तो म्हणाला. सगळे हसले आणि जेवण पुन्हा चालू झाले.

मग मटण आले. शिराझसाठी सूनबाईने तिखट कमी घालायला सांगितले होते; पण "फिकं मटण पाहुण्यांपुढे ठेवायला मी अजून मेले नाही," असे म्हणून आमच्या सौभाग्यवतीने गुपचूप दोन चमचे वाढवले होते. शास्त्र खरे निघाले. पहिल्या घोटाला मुलाच्या मित्राच्या डोळ्यांतून पाणी आले. दादापुढे मात्र त्याच उंच पेल्यात गार केलेला कोरा चहा होता, बिनसाखरेचा. चहातही टॅनिन असते, आणि मद्यार्क नसल्यामुळे आग वाढवणारे कुणीच नव्हते. "यांचं काय चाललंय ते मला दे ग," असे म्हणून त्या मित्रानेही चहाच मागितला. तिसरी जोडी वाइनच्या पक्षाने सपशेल हरली.

शेवटी निळे चीज, आणि उशिरा खुडलेल्या शेनिन द्राक्षांची गोड वाइन. दादासाठी काय, म्हणून सूनबाई क्षणभर थबकली. तेव्हा आमची ही आत गेली आणि रोज रात्री स्वतःसाठी काळ्या मनुका भिजत घालते तो वाडगा घेऊन आली. ते दाट गोड पाणी गाळून, लिंबाचे चार थेंब पिळून पेल्यात ओतले. द्राक्षे तीच. मी दोन्ही चाखून पाहिले. खारट चीजशी दोघांचेही बरे जुळत होते.

पाहुणे गेल्यावर दादा आणि मी ओट्यावर बसलो. "चुकलो," मी म्हणालो. तो बराच वेळ समोरच्या विझत आलेल्या पणतीकडे पाहत होता. मग म्हणाला, "सोडल्यावर दारूची आठवण येते, ती सांभाळता येते रे. कठीण असतं ते पंगतीत बसणं. लोक एकतर आग्रह करतात, नाहीतर पाण्याचा तांब्या पुढे ठेवून विसरून जातात. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पेल्याचा विचार केला."

मला उत्तर सुचले नाही. सगळी संध्याकाळ मी चीजचा स्वभाव पाहिला, द्राक्षांचे कूळ पाहिले, बाटलीची थंडी पाहिली. खुर्चीवर कोण बसले आहे, तेवढे पाहायचे राहिले होते. आग्रह हे आपल्या पाहुणचाराचे भूषण आहे, पण जिलबीपुरते. बाटलीपाशी एकदा विचारावे आणि 'नको' म्हटले की दुसरा पेला तयार असावा. तोही तितक्याच विचाराने निवडलेला, तितक्याच सुंदर काचेचा. नाहीतर ती सोयरीक कसली!

यंदाचा कागद कालच माझ्यापुढे आला. या वेळी रकाने चार आहेत. पदार्थ, वाइन, वाइनखेरीज आणखी काय, आणि या तिन्हींच्या आधी पाहुण्यांची नावे. वरच्या ओळीत दादाचे नाव आहे. त्याच्यापुढे सूनबाईने काही लिहिलेले नाही. काल त्याचा फोन आला, तेव्हा ती जागा मी भरली : 'मटणाबरोबर कोरा चहा, गेल्या खेपेपेक्षा किंचित कडक हवा म्हणतो.'