मामूंची अक्षरे

मामूंचा फोन आला तेव्हा आम्ही सहावीच्या उर्दूच्या वह्या तपासत बसलो होतो. मामू फोनवर कधी लांबण लावत नाहीत. "मास्तर, इतवार को निरगुडसर आव. छोटी का दिमाग फिर गया है," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. आम्ही बी.एड. झालो तेव्हापासून मामूंनी आमचे नावच टाकून दिले आहे. नातेवाइकांत कोणाच्या पोराने शाळा सोडली, कोणाच्या पोरीला स्थळ आले, की 'मास्तर'ला बोलावणे जाते. मास्तर समजावतील, हा सगळ्यांचा भरवसा. समजावायचे काय, ते मात्र आधीच ठरलेले असते.

छोटी म्हणजे मामूंची धाकटी मुलगी. दहावीपर्यंत आमच्याच उर्दू शाळेत होती, त्यामुळे घरी आम्ही तिचे भाईजान आणि शाळेत सर. आता बारावीला आहे. तिचा दिमाग फिरला म्हणजे काय झाले, तर तिने घरात सांगितले, "मी डिझायनर होणार." मामींना वाटले, कपड्यांचे. त्यांनी खुशीने शिलाई मशीनवरचे झाकण काढले. पण पोरगी म्हणाली, कपड्यांची नव्हे, अक्षरांची. तेव्हा मामूंनी जेवणाचे ताट बाजूला सारले.

त्याचे कारण सांगायला हवे. मामू स्वतः पेंटर. घरांना रंग देणारे नव्हेत, अक्षरे काढणारे. भिंतीवर सूत मारायचे, खडूने पुसट खुणा करायच्या आणि मग एका दमात ब्रश ओढायचा. भीमाशंकर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांवर मालकांची नावे, दूध डेअरीची पाटी, देवळाच्या जीर्णोद्धारातील देणगीदारांची यादी, मशिदीवरचा उर्दू फलक, सगळे त्यांच्या हातचे. शाळा सातवीपर्यंत, मराठीतून. उर्दू अक्षर मौलवीसाहेबांच्या पाटीवरून उचललेले. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा कमिटीची माणसे सुपारी द्यायला येतात. त्या राहुट्यांचे बोर्ड रंगवायला मामू डबे-ब्रश घेऊन जात. लहानपणी आम्हीही एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. फडाच्या मालकिणीचे नाव मामूंनी असे काढले होते की, अक्षरे आता ठेक्यावर पाऊल टाकतील असे वाटावे.

मग फ्लेक्स आला. एके वर्षी मामू नारायणगावहून डबे न उघडता परत आले. सगळ्या राहुट्यांवर फ्लेक्स, वर मालकिणीचा रंगीत फोटो. त्या दिवसापासून मामू पोल्ट्रीवर देखरेखीला जातात. "ब्रश को हाथ मत लगाना," हे त्यांनी पोरांना कसम घालून सांगितले होते.

तर रविवारी आम्ही एस.टी.ने निरगुडसरला उतरलो. मामूंची इच्छा साफ होती. पोरीने आमच्यासारखे मास्तर व्हावे, पगार महिन्याच्या महिन्याला. आम्हांला हे नवीन नव्हते. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा आम्ही चांगल्या श्रेणीत पास झालो होतो. अब्बांनी शांतपणे विचारले होते, "चित्राने चूल पेटते का?" आम्ही मास्तरकीकडे वळलो. तक्रार नाही. पण मामूंच्या ओट्यावर बसून तोच प्रश्न त्या पोरीला विचारायची वेळ आली, तेव्हा जीभ जड झाली.

छोटीने एक फाइल आणून समोर ठेवली. त्यात मामूंच्या जुन्या पाट्यांचे फोटो होते. अर्धवट पुसलेली भिंत, भंगारात पडलेली ट्रॉली. त्याशेजारी तिने स्वतः काढलेली अक्षरे. मराठी अक्षर शिरोरेषेला लटकते, नस्तालीक उजवीकडून डावीकडे उतरणीवरून घरंगळत येते. दोन्ही एका कागदावर आणायची, तर एकाची पाठ दुसऱ्याला लागते. ही अडचण तिने तीस-चाळीस कागदांवर सोडवायचा प्रयत्न केला होता. नस्तालीकचे अक्षर कलमाच्या नुक्त्याने मोजतात, म्हणजे अलिफ इतक्या नुक्त्यांचा, बे इतक्या नुक्त्यांची. तिने हेच माप देवनागरीच्या कान्याला लावून पाहिले होते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. आम्ही तर नाहीच.

त्या रात्री मुक्काम केला. झोप आली नाही. वाचलेले, ऐकलेले काय काय आठवत राहिले. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. बडोद्याच्या मदरशात असताना त्यांना सुलेखनाची गोडी लागली. मुंबईत आले तेव्हा सिनेमाची होर्डिंगे रंगवली, पुढे लहान मुलांचे फर्निचर आणि खेळणी यांचे डिझाइन करून घर चालवले. पोटासाठी केलेली ती कामे वाया गेली असे कोण म्हणेल? होर्डिंगाच्या मापाची रेघ त्यांच्या हातातून शेवटपर्यंत गेली नाही. कमल शेडगे टाइम्सच्या कलाविभागात नोकरी करत होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची अक्षरे पाहून माणसे नाटकाचा स्वभाव ओळखत. ते २०२० साली गेले. आपल्याच भागातले, ओतूरच्या डॉक्टरांच्या घरातले सुभाष अवचट. मराठी पुस्तकांची किती मुखपृष्ठे त्यांची! यांतल्या कोणाला रस्ता आधीपासून दिसत होता, असे आम्हांला वाटत नाही. हाताला जे काम मिळाले ते त्यांनी बारकाईने केले, आणि रस्ता त्यांच्या पायांखालून पुढे निघत गेला. पण असेही वाटले की, ज्यांचा रस्ता निघाला त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात. मामूंचे नाव कोणाला ठाऊक आहे?

सकाळी चहाच्या वेळी आम्ही मामूंना र. कृ. जोशींविषयी सांगितले. जाहिरात कंपनीत वर्षानुवर्षे काम केलेला माणूस. पुढे पवईच्या आय.आय.टी.त, १९६९ साली सुरू झालेल्या डिझाइन केंद्रात शिकवू लागला. त्याने कॉम्प्युटरसाठी देवनागरीचा 'मंगल' हा टाइप केला. शाळेला येणारी कितीतरी पत्रे त्याच अक्षरात असतात.

"म्हणजे ती अक्षरे हाताने काढलेली आहेत?" मामूंनी विचारले.

"डिझाइन माणसाचेच. आमच्या उर्दूच्या प्रश्नपत्रिकांचे नूरी नस्तालीक तसेच. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकृती हाताने लिहिल्या, तेव्हा १९८१ साली ते मशीनवर आले. नाव वडिलांचे दिले, नूर अहमद यांचे."

मामू गप्प झाले. मग आम्ही अच्युत पालवांचे सांगितले. जे.जे.त शिकताना त्यांनी मोडी लिपीचा ध्यास घेतला, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. "अक्षरासाठी?" मामू दोनदा म्हणाले.

पण मामू पद्मश्रीने विरघळणारे नव्हेत. म्हणाले, "मला फ्लेक्सने खाल्ले. आता तर म्हणे मशीनला तोंडी सांगितले की चित्र तयार. हिला ती खाईल."

छोटी आतून म्हणाली, "अब्बा, फ्लेक्स छापणारा वेगळा, अक्षर काढणारा वेगळा. फ्लेक्सवरचे अक्षरही कोणीतरी काढलेलेच असते."

"कुठे राहतो तो? निरगुडसरात तर नाही."

याला तिच्याकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. पवईच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर इंग्रजीत असतो. उर्दू शाळेतून आलेल्या पोरीला तो किती जड जाईल, हे तिला शिकवणाऱ्या आमच्याहून जास्त कोणाला कळणार? उपयोजित कलेची पदवी चार वर्षांची. पुण्यात राहायचे, रंग-कागद आणायचे, कॉम्प्युटर घ्यायचा. पोल्ट्रीच्या पगारात हे बसत नाही, आणि स्कॉलरशिप मिळेलच असे छातीठोकपणे सांगायची आमची हिंमत झाली नाही.

मामूंनी फाइल ओढून घेतली आणि पाने उलटू लागले. शेवटी एका जुन्या वहीचे पान चिकटवलेले होते. आम्ही ते ओळखले आणि मान खाली घातली. छोटी आठवीत असताना उर्दूच्या वहीच्या मागच्या पानांवर 'आंबेगाव' हा एकच शब्द तिने पंधरा-वीस तऱ्हांनी काढला होता. आम्ही वर्गात वही हिसकावून घेतली होती आणि त्या पानावर लाल शाईने आडवे लिहिले होते, 'फिजूल'. तिने ते पान तसेच, आमच्या शेऱ्यासकट, फाइलमध्ये लावले होते.

मामूंनी चष्मा कपाळावर सरकवला. पान डोळ्यांजवळ नेले. आम्हांला वाटले, आता बोलतील. ते आमच्या लाल शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "मास्तर, तेरा लाम बैठा नहीं. पेट देख उसका. बच्चों को ऐसाच सिखाता क्या?"

छोटी फिसकन हसली. मामीही हसल्या.

पुण्याच्या परीक्षेचा फॉर्म आम्ही भरला, फीही भरली. पुढच्या खर्चाचे कोणी बोलले नाही. परीक्षेला मामू स्वतः तिच्याबरोबर जाणार आहेत. मामी फोनवर सांगत होत्या, मामूंनी माळ्यावरचा डबा खाली काढला आहे, दगड झालेले ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले आहेत, आणि विचारले तर काही सांगत नाहीत.