मित्र की मध्यम?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एम.ए.च्या मुलांना घेऊन श्रीरंगपट्टणच्या तटावर उभा होतो. "आंतरराष्ट्रीय संबंध शिकून पुढं काय करता येतं, यावर लिहा. पालक विचारतात," ते म्हणाले. पालक मलाही विचारतात. परराष्ट्र सेवेची परीक्षा सोडली तर या विषयाचा काही उपयोग असेल, असं त्यांना वाटतच नाही. पण सध्या एका विद्यार्थिनीच्या कागदानं माझी झोप उडवली आहे. तेच लिहितो.

त्या कागदाआधी थोडं मागं जातो. आमच्या विषयाची एक नाळ म्हैसुरातच पुरलेली आहे. तंजावरकडच्या एका पंडितानं इथल्या ओरिएंटल लायब्ररीला दिलेली ग्रंथ लिपीतली ताडपत्रं १९०५ साली आर. शामशास्त्री यांनी वाचली आणि नावापुरतं उरलेलं कौटिल्याचं अर्थशास्त्र जगाला परत मिळालं. १९०९ मध्ये त्यांनी संहिता छापली, १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर. पुढं मुंबई विद्यापीठानं प्रा. कंगले यांची तीन खंडांतली चिकित्सक आवृत्ती काढली. मी शिकवतो ते तिच्यावरूनच. आणि लोकांना यातलं माहीत काय, तर 'शत्रूचा शत्रू तो मित्र'! चाणक्याच्या नावावर रोज सकाळी फोनवर येणारे कितीतरी सुविचार या ग्रंथात कुठंच नाहीत. वाईट वाटतं.

कौटिल्याच्या मंडलात बारा राजे. मधोमध विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा. पुढं अरी, त्यापलीकडं मित्र, मग अरिमित्र, मित्रमित्र, अरिमित्रमित्र. पाठीमागं पार्ष्णिग्राह, आक्रंद आणि त्या दोघांचे आसार. नावं विसरलात तरी चालेल. उरलेले दोन मात्र विसरू नका. उदासीन हा सगळ्यांपलीकडचा बलाढ्य. मध्यमाची सीमा विजिगीषूलाही भिडते आणि अरीलाही. ते दोघं एक असोत वा फुटलेले, त्यांना मदत करण्याची ताकद त्याच्यात असते. फुटलेले असतील तर दडपण्याचीही. 'फुटलेले असतील तर' या शब्दांखाली मी दरवर्षी फळ्यावर दोन रेघा मारतो.

यंदा मुलांना पुणे दरबाराचं मंडल भरायला दिलं होतं. १७८० मध्ये नाना फडणीस, म्हैसूरचा हैदर आणि निजाम इंग्रजांविरुद्ध एकत्र. १७८२ मध्ये सालबाईचा तह करून पुणे बाजूला. १७८७ मध्ये टिपूशी गजेंद्रगडचा तह, आणि १७९० मध्ये त्याच टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम, मराठे एका बाजूला. बेळगावकडच्या एका मुलीनं १७९० च्या रकान्यात इंग्रजांना 'मित्र' लिहिलं. मी लाल शाईनं खोडून 'मध्यम' केलं.

ती तटावर कागद घेऊनच आली. "सर, धारवाडच्या वेढ्यात मराठ्यांच्या परशुरामभाऊंबरोबर इंग्रजी तुकडी होती. १७९२ मध्ये टिपूचं अर्धं राज्य तिघांनी सारखं वाटून घेतलं. हा मित्र नाही?"

मी सीमा दाखवल्या: मुंबई, मद्रास, दोन्हीकडं भिडलेला शेजारी. ४ मे १७९९ ला टिपू याच तटाजवळ पडला, तेव्हा पुणे युद्धाबाहेर होतं. पावणेचार वर्षांत दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहावर सही केली. दोघं फुटले, दोघंही दडपले गेले. व्याख्या अक्षरशः लागू पडते.

"वसई तुम्हाला माहीत आहे, सर. नानांना १७९० मध्ये कुठं माहीत होती?" मग तिनं मेलुकोट्याच्या दिशेला हात केला. मे १७९१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला इथून परतावं लागलं. ओढायला बैल उरले नव्हते, म्हणून वेढ्याच्या तोफा त्यानं स्वतःच निकामी केल्या. मेलुकोट्याजवळ त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंच्या फौजा भेटल्या, आणि मराठ्यांच्या बाजारातलं धान्य विकत घेऊन त्याचं उपाशी सैन्य जगलं. "दडपण्याची ताकद यात कुठं दिसते?"

कौटिल्य सामर्थ्य मोजायला सांगतो, हेतू नाही. माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पण कोणत्या दिवशीचं सामर्थ्य? माझ्या मते मद्रास आणि कलकत्त्याची तिजोरी नव्या तोफा, नवे बैल उभे करू शकत होती, आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये कॉर्नवॉलिस परत आलाच. हे मी तिला सांगितलं. तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि बसमध्ये बसल्यावर मलाही.

गुण अजून भरलेले नाहीत. मे १७९१ चं एक वेगळं मंडल तिच्याकडून मागवलं आहे. माझंही काढतो आहे, अजून पेन्सिलीनं.