जाहिराती अडवणाऱ्याच्याच जाहिराती

सांगलीच्या आत्याच्या लॅपटॉपवर अ‍ॅडब्लॉकर होता आणि तोच जाहिराती दाखवत होता. ही गोष्ट आठवली की अजूनही डोकं फिरतं. दुरुस्तीवाल्यानं तो बसवून दिलेला. ढालीचं चित्र, ओळखीच्या वाटणाऱ्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. शोधलेल्या प्रत्येक गोष्टीच्या यादीत वरती दोन-तीन ‘सवलतीच्या’ लिंका घुसलेल्या. गुडघ्याच्या पट्ट्याची किंमत बघायला गेलं तर कर्जाची पाटी. आत्या म्हणाली, “अरे, जाहिराती थांबवायला ठेवलाय न्हवं त्याला? मग हा स्वतःच्याच दाखवतोय की!”

जाहिराती तरी डोळ्यांना दिसतात. खरी भीती परवानगीची. अशी एक्स्टेंशन्स टाकताना ब्राउझर विचारतो: सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू द्यायचा का? पानातली जाहिरात काढायची तर पान बघावंच लागतं, म्हणून चांगला ब्लॉकरही साधारण हेच मागतो. घराची किल्ली गुरख्याच्या हातात द्यावी, तसं आहे हे. आत्या त्याच ब्राउझरमधून बँकेचं खातं बघत होती.

मग कुणावर भरवसा ठेवायचा? लोक स्टार आणि डाउनलोडचे आकडे बघतात. मी मालक बघतो, आणि मालक बदलला का तेही. २०२० मध्ये नॅनो अ‍ॅडब्लॉकर विकला गेला. नव्या मालकांनी अपडेटमधून गुपचूप कोड घुसवला, आणि लोकांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरून त्यांनी न केलेले लाइक पडू लागले. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं. अपडेट आपोआप येतं, हाच त्यांचा गुन्हा.

यूब्लॉक या ब्लॉकरची कथा तर मला अन्यायाचीच वाटते. कॅनडातल्या रेमंड हिल यांनी तो २०१४ मध्ये बाहेर आणला. लोकांच्या तक्रारी निस्तरून कंटाळले, म्हणून २०१५ मध्ये प्रकल्प दुसऱ्या प्रोग्रॅमरकडे सोपवला. त्यानं त्याच नावाची वेबसाइट काढून देणग्या मागायला सुरुवात केली. हिल यांनी आपली आवृत्ती वेगळी चालू ठेवली, तीच यूब्लॉक ओरिजिन. ते देणगी घेत नाहीत. द्यायचंच असेल तर फिल्टरच्या याद्या सांभाळणाऱ्यांना द्या म्हणतात. आणि ‘यूब्लॉक’ हे साधं, सुटसुटीत नाव? २०१८ मध्ये अ‍ॅडब्लॉक या दुसऱ्या ब्लॉकरवाल्यांकडे गेलं आणि पुढच्या वर्षी त्यात ‘स्वीकारार्ह जाहिराती’ सुरू झाल्या, म्हणजे ठरावीक जाहिरातींना वाट द्यायची आणि मोठ्या जाहिरातदारांकडून त्याचे पैसे घ्यायचे. थोडक्यात, ज्यानं घाम गाळला त्याच्या वस्तूला शेपूट जोडावं लागलं, आणि मूळ नावावर धंदा दुसऱ्याचा. आजही कुणी घाईत नुसतं ‘यूब्लॉक’ शोधून टाकतो आणि त्याला वाटतं, हिल यांचंच घेतलं.

आत्याकडे मी ते एक्स्टेंशन उडवलं, पासवर्ड बदलायला लावले, फायरफॉक्स टाकला आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन. फायरफॉक्स अशासाठी की क्रोमच्या नव्या नियमांत मूळ ओरिजिन चालत नाही, फक्त लाइट आवृत्ती चालते. तुम्हीही एकदा एक्स्टेंशनची यादी उघडून बघा. कशाला टाकलं ते आठवत नसेल तर काढून टाका. एकावर एक तीन ब्लॉकर तर ठेवूच नका. किल्ल्या वाढतात, राखण वाढत नाही.

‘स्वीकारार्ह जाहिराती’ म्हटलं की माझं तोंड वाकडं होतं खरं, पण एका मराठी मासिकाच्या साइटवर मी ब्लॉकर बंद ठेवलाय. त्यांचंही पोट आहे. म्हणजे काय स्वीकारार्ह हे मीही ठरवतोच, फक्त त्यासाठी पैसे घेत नाही.

आणि हिल यांचं एवढं कौतुक करतोय, तर हेही सांगायला हवं: कंटाळून प्रकल्प दुसऱ्याच्या हाती देणारे हेच गृहस्थ होते. उद्या पुन्हा कंटाळले तर? आत्यानं नेमकं हेच विचारलं. मी म्हटलं, “तेव्हा फोन कर.”