दापोलीचें एक जुनें कलम

गेल्या वैशाखांत दापोलीस मेहुण्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. खेड सोडून गाडी चढण चढूं लागली कीं तांबडी जमीन व आमराईंची गर्द छाया दिसूं लागते. साठी उलटली तरी त्या दर्शनानें आमचें मन प्रसन्न होतें.

परंतु परसांतील हापुसाच्या जुन्या कलमाची दशा पाहून आम्हांस फार वाईट वाटलें. शेंड्याकडून फांद्या वाळत चालल्या होत्या व खोडांतून डिंक गळत होता. "पलीकडच्या वाडींतून रोग आला," मेहुणे म्हणाले.

भाचा येथील १९७२ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठांत शिकलेला. तो म्हणाला, "आतोबा, रोग बाहेरून आलाच असें नाहीं." निरोगी दिसणाऱ्या झाडाच्याहि पानांत, डहाळ्यांत व देठांत नाना जातींच्या बुरशा नांदत असतात. पुष्कळशा निरुपद्रवी. त्यांतच लॅसिओडिप्लोडिया नांवाची एक असते. झाड सशक्त आहे तोंवर ती निमूट राहते. पाण्याची ओढ बसली, मुळ्या तुटल्या किंवा साल दुखावली, कीं तीच लांकडांत पसरून फांद्या वाळवते.

फळाचेंहि तसेंच. कच्च्या आंब्याच्या सालींतील व चिकांतील द्रव्यें देठांतील बुरशीस थोपवून धरतात. फळ पिकतांना तीं कमी होतात आणि देठाकडून काळी कूज पसरते. म्हणून आंबा देठासह उतरवावा. त्याकरितांच या विद्यापीठानें पातें लावलेला 'नूतन' झेला तयार केला.

"मग या कलमास इजा कशानें झाली?" आम्हीं विचारलें. कोणी बोलेना. तीन वर्षांपूर्वीं दोघां भावांच्या वाटण्या झाल्या. मधें चिऱ्यांची भिंत उठली व तिचा पाया कलमाच्या बुंध्यालगत खणला गेला. जाड मुळ्या तेव्हांच तुटल्या होत्या. 'पलीकडची वाडी' म्हणजे धाकट्या भावाचा वाटा!

दुसऱ्या दिवशीं भाच्यानें वाळलेल्या फांद्या निरोगी लांकडापर्यंत छाटून कापांवर मोरचूद व चुन्याचा लेप दिला. पाऊस लागेपर्यंत झाडास पाणी घालावयाचें ठरलें. सायंकाळीं धाकटे बंधु दोन कळशा भरून भिंतीला वळसा घालून आले. मेहुण्यांनीं कांहीं न बोलतां त्यांच्या हातची एक कळशी घेतली.

कलम वांचतें कीं नाहीं, हें येत्या मोहोराच्या वेळीं कळेल. वाचकांपैकीं कोणाच्या परसांत असें वडिलार्जित झाड असल्यास पाया खणण्यापूर्वीं त्याच्या मुळ्यांचा विचार अवश्य करावा, एवढीच विनंति.