गालाआडचे काम

खालच्या जबड्याचा कोन मोडलेला रुग्ण टेबलावर असतो, तेव्हा शल्यविशारदापुढचा पहिला प्रश्न हाडाइतकाच जागेचा असतो. कारण दातांची मूळची मिळवणी साधण्यासाठी दोन्ही जबडे तारेने एकमेकांस बांधले की तोंड मिटलेलेच राहते, आणि गाल व दात यांमधल्या चिंचोळ्या फटीतून, अक्कलदाढेच्याही मागे, पट्टीचे स्क्रू आवळावे लागतात. स्ट्रासबुर्गच्या मॅक्सिम शाम्पी यांनी १९७०च्या दशकात जिचा पुरस्कार केला ती वरच्या कडेवरची पट्टी पुरेशी असते, तोवर सरळ पेचकस चालतो; पण पट्टी हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर उतरवावी लागली, की स्क्रूची वाट थेट गालातूनच येते.

येथे दोन तजविजी आहेत. एकीत गालाच्या त्वचेला काही मिलिमीटरांचा छेद देऊन, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखांना धक्का लागू नये म्हणून पुढची वाट बोथट चिमट्याने रुंदावून, नळीतून सरळ पेचकस हाडापर्यंत नेतात. दुसरीत काटकोनी पेचकस असतो: मूठ तोंडाबाहेर, पाते आत हाडाला लंब, आणि बोटांनी फिरवलेली गती इवल्या दंतचक्रांतून त्या पात्यापर्यंत पोहोचते. गालावर व्रण राहत नाही, ही त्याची थोरवी मी मनापासून मानतो. तरुण रुग्णाला तो व्रण जन्मभर आरशात दिसतो.

परंतु स्क्रू आवळणे हे स्पर्शाचे काम आहे. दोन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी दीड मिलिमीटरचे छिद्र पाडलेले असते. आटे हाडात रुतत जातात तसतसा विरोध हळूहळू वाढतो, डोके पट्टीला टेकताच तो एकाएकी चढतो, आणि नेमके तेथेच बोटांनी थांबावयाचे असते, कारण आणखी अर्धा फेरा दिला तर हाडातील आटे झिजून स्क्रू नुसता गरगरतो व त्याजागी अधिक जाड स्क्रू घालण्याची पाळी येते. काटकोनी पेचकसात दंतचक्रांचे स्वतःचे घर्षण या निरोपात मिसळते, त्यामुळे हाडाचा विरोध कोणता व यंत्राचा कोणता याचे तारतम्य बोटांना नव्याने शिकावे लागते. म्हणून शिकाऊ डॉक्टरांच्या हाती मी प्रथम सरळ पेचकसच देतो. हाडाची भाषा अंगवळणी पडल्यावरच काटकोनी.

पात्याच्या टोकाची हयगय मात्र दोन्हींत सारखीच घातक. स्क्रू पात्यावर घट्ट बसून राहतो तो केवळ घर्षणाच्या बळावर. टोकाच्या कडा झिजल्या की डोक्यावरची खाच बिघडते, किंवा स्क्रू सुटून घशाकडे घरंगळतो, आणि तेथे त्याला अडवावयास फक्त घशातली कापडी पट्टी असते. झिजलेले पाते त्याच दिवशी बाद करावे, अशी शस्त्रक्रियागृहाच्या भांडाराची मुखत्यारी असलेल्या प्रत्येकास माझी आग्रहाची विनंती आहे.