पुलावरचे नाव

पुलाचे मोठेपण असे की, त्याच्यावरून जाताना त्याचा विसर पडतो. आम्ही पडलो इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. त्रिकोणमितीचा व आमचा संबंध शाळेतच सुटला. तरीही मोठ्या पुलांच्या हकीकती आम्ही कादंबरीच्या आवडीने वाचतो. कवीची ओळ फसली तर वाचक पान उलटतो. पुलाची ओळ फसली तर पान उलटावयास वाचक उरत नाही. एवढी जबाबदारी शिरावर असलेला लेखक पाहण्याची आम्हांस हौस आहे.

‘फ्रीमन, फॉक्स आणि भागीदार’ ही लंडनची पेढी याच जातीच्या लेखकांची. १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसची उभारणी करणारे सर चार्ल्स फॉक्स यांनी १८५७ मध्ये आपल्या मुलांसह तिचा पाया घातला. पुढे तिच्यातील राल्फ फ्रीमन यांनी सिडनी बंदरावरील ५०३ मीटरच्या पोलादी कमानीचे गणित केले. तो पूल १९३२ मध्ये खुला झाला आणि त्याचा खरा कर्ता कोण, फ्रीमन की तेथील मुख्य इंजिनियर ब्रॅडफील्ड, असा वाद माजला. यशाला वारस नेहमीच दोन असतात!

१९६६ चा सेव्हर्नवरील झुलता पूल हे या पेढीचे विशेष कौतुक. १९४० मध्ये अमेरिकेतील टॅकोमा येथील पूल वाऱ्याने हेलकावे खाऊन कोसळला होता. तेव्हापासून वाऱ्याशी झुंजण्याकरिता पुलाचे अंग जाडजूड करण्याचा प्रघात पडला. या मंडळींनी वाऱ्याशी तह केला. पुलाचे अंग पोकळ, चपट्या पेटीसारखे व कडांना निमुळते ठेवले. वारा त्याला चाटून निघून जातो, आणि पोलादही कमी लागते. पुढे याच धर्तीवर १९७३ मध्ये बॉस्फरसवर आशिया व युरोप जोडले गेले. १९८१ मध्ये हंबर नदीवर १४१० मीटरचा गाळा झाला. जगातील सर्वांत लांब गाळ्याचा मान त्याच्याकडे १९९८ पर्यंत होता.

परंतु दोन विजयांच्या मध्ये १९७० हे साल आहे. जूनमध्ये वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे याच पेढीचा पोलादी पेट्यांचा पूल बांधणीतच कोसळला, चारजण दगावले. ऑक्टोबरच्या १५ तारखेस मेलबर्न येथे यारा नदीवरचा वेस्ट गेट पूल पडला. तेथे एका गाळ्याचे लांबीतले दोन अर्धे भाग निरनिराळे जोडून मग एकत्र करावयाचे होते. ते वर चढविल्यावर एकाची उंची दुसऱ्याहून सुमारे साडेचार इंच अधिक भरली. उंच भाग खाली बसावा म्हणून त्यावर ८० टन काँक्रीटचे ठोकळे ठेवले, तेव्हा पोलादी पत्रा फुगला. तो फुगवटा काढण्यासाठी बोल्ट सोडविले जात असता गाळा कोसळला. पस्तीस माणसे मेली. त्यांत कामगार होते, तसाच पेढीचा जागेवरील इंजिनियरही होता. १९७१ च्या चौकशी आयोगाने पेढीवर कठोर ठपका ठेवला. कंत्राटदारही सुटले नाहीत. या पुलाचे कर्तेपण मात्र कोणी हक्काने मागितले नाही. ते आयोगाला वाटून द्यावे लागले.

आम्हांस यात एवढेच दिसते की, नाव हे भार वाहत नाही. सिडनीच्या कमानीची कीर्ती यारा नदीवर एक शेरही वजन उचलीत नव्हती. नाव मोठे झाले की भोवतालचे लोक ‘हे गणित पुन्हा पाहा’ असे म्हणण्यास कचरतात, आणि स्वतः नावाच्या धन्यासही ते पुन्हा पाहणे अनावश्यक वाटू लागते. विद्वत्तेच्या प्रांतात आम्ही हा अनुभव रोज घेतो. तेथे काही कोसळल्याचा आवाज होत नाही, एवढाच फरक.

वेस्ट गेट पूल १९७८ मध्ये पुरा झाला. ‘फ्रीमन फॉक्स’ ही पेढी १९८७ मध्ये दुसऱ्या पेढीशी एकरूप झाली आणि पुढे तिचे नावही लोपले. पडलेल्या गाळ्याचे सहा वाकडेतिकडे तुकडे मात्र मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांच्या वाटेवरच जपून ठेविले आहेत. आमच्या महाविद्यालयांच्या भिंतींवर पहिल्या आलेल्यांच्या नावांचे फलक असतात, सोनेरी अक्षरांत. वाकलेल्या पोलादाचा एखादा तुकडा त्यांच्या शेजारी टांगावा, अशी सूचना आम्ही केली तर ती किती मतांनी फेटाळली जाईल, हे मोजण्यास त्रिकोणमिती लागणार नाही.